घंटेआधी: कार्टेलवर फौज धाडायची का, हा वाद कसा घालावा

आमच्या इंदुरातल्या मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत गेली सोळा वर्षं घंटा मी वाजवते. घंटा पितळेची, सासूबाईंच्या देवघरातली, दांडा ढिला झाल्यामुळे त्याला दोरा गुंडाळलेला. चौथं मिनिट सरलं की एक टोला, पाचवं सरलं की दोन. उरलेला वेळ परीक्षकांचा चहा आणि गुणांच्या बेरजा. मी स्वतः कधी माइकसमोर उभी राहिलेले नाही. पण कोण कुठल्या वाक्याला घसरणार, हे मला आता खुर्चीत बसल्या बसल्या कळतं.

२०२५च्या गणपतीत विषय होता, ‘शेजारी देशातल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांवर लष्करी कारवाई करणं समर्थनीय आहे.’ डोळ्यासमोर अर्थात अमेरिका आणि मेक्सिकोतल्या टोळ्या, म्हणजे कार्टेल. स्पर्धा ४ सप्टेंबरला. आणि २ सप्टेंबरला अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात एक बोट उडवली, अकरा माणसं मेली. बातमी आपल्याकडे पोचली आणि पोरांनी रातोरात भाषणं बदलली. दहा स्पर्धकांपैकी सात जणांच्या भाषणात ती बोट आली, आणि त्यातल्या पाच जणांनी ती मेक्सिकोची करून टाकली. बोट निघाली होती व्हेनेझुएलातून. परीक्षकांमध्ये एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी पाचही जणांचे गुण निमूटपणे कापले. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

यंदा माझ्या भावाची मुलगी उतरते आहे. विषय तोच किंवा त्याच्या आसपासचा येईल असं दिसतंय. तिला संध्याकाळी गच्चीवर जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

‘कारवाई’ म्हणजे नक्की काय, ते आधी पकडा

बहुतेक पोरं विषय ऐकला की थेट ‘योग्य की अयोग्य’वर उडी मारतात. अगं, पण कशाबद्दल? ‘लष्करी कारवाई’ या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, आपल्याच हद्दीत सीमेवर सैनिक उभे करणं. दोन, मेक्सिकोच्या संमतीने टेहळणीची विमानं उडवणं, त्यांच्या नौसैनिकांना शिकवणं. हे तर चालूच आहे. तीन, भर समुद्रात बोटी उडवणं. चार, न विचारता सीमा ओलांडून एखाद्या प्रयोगशाळेवर ड्रोनने क्षेपणास्त्र टाकणं. पाच, कमांडो पाठवून एखाद्या म्होरक्याला उचलून आणणं. पहिल्या दोन गोष्टींना मेक्सिकोचा विरोध नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी स्वतःच नॅशनल गार्डचे दहा हजार जवान उत्तर सीमेवर नेले. भांडण आहे ते शेवटच्या दोघांवर.

आता गंमत बघा. पक्षात बोलणारा हुशार असेल तर ‘कारवाई’ची व्याख्या पहिल्या दोनांपर्यंत आखडून घेईल, म्हणजे त्याचं काम सोपं होतं. विपक्षातला तीच व्याख्या ताणून रणगाड्यांपर्यंत नेईल. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाका: आज आपण संमतीशिवाय सीमा ओलांडून केलेल्या हल्ल्याबद्दल बोलतो आहोत. त्या गणपतीत जी मुलगी पहिली आली, तिने एवढंच केलं होतं. समोरच्याला विचारलं, “दादा, तुमची फौज सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे?” तो दोन सेकंद गप्प राहिला. मागे मखराशेजारी बसलेल्या आजोबांनी मान डोलावली. तिथंच निकाल लागला होता, पुढची चार मिनिटं नुसती औपचारिकता.

‘दहशतवादी संघटना’ हा शब्दही असाच तपासून घ्या. २० फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेने आठ टोळ्यांना परदेशी दहशतवादी संघटना ठरवलं. त्यात सिनालोआ कार्टेल, हालिस्को नव पिढी कार्टेल, गल्फ कार्टेल अशा सहा मेक्सिकन, आणि बाकी व्हेनेझुएलात जन्मलेली त्रेन दे अराग्वा आणि एल साल्वादोरशी जोडलेली एमएस-१३. या यादीत नाव गेलं की त्या टोळीला पैसा, सामान पुरवणं गुन्हा ठरतो, खाती गोठतात. पण नुसत्या यादीमुळे बॉम्ब टाकायचा परवाना मिळत नाही. पोरं इथं हमखास चुकतात. ‘दहशतवादी ठरवलं, म्हणजे युद्ध कायदेशीर झालं’ असं कुणी म्हणालं की उत्तरपक्षात, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायच्या वेळेत, त्याला धरा. जानेवारी २०२३ मध्ये डॅन क्रेनशॉ आणि मायकेल वॉल्ट्झ या रिपब्लिकन खासदारांनी कार्टेलविरुद्ध सैन्य वापरायची परवानगी मागणारं विधेयक मांडलं होतं. परवानगी आधीपासून असती तर विधेयक कशाला लागलं असतं?

आकडे तीनच

पाच मिनिटांत तीनापेक्षा जास्त आकडे ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाहीत. मी बेरजा करणारी बाई, मला आकडे आवडतात, तरी सांगते.

पहिला आकडा मृत्यूंचा. २०२१, २०२२, २०२३ या तिन्ही वर्षांत अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दर वर्षी एक लाखावर माणसं मेली. त्यातले साधारण दोन तृतीयांश मृत्यू फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचं कृत्रिम वेदनाशामक, आणि त्याच्या भावंडांमुळे. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. दोन्ही बाजूंना हा आकडा लागतो. पक्षवाला म्हणेल, ‘युद्धातही इतकी माणसं मरत नाहीत.’ विपक्षवाला म्हणेल, ‘एकही क्षेपणास्त्र सुटायच्या आधी आकडा उतरायला लागला होता. मग उतरला कशाने?’ नालोक्सोन नावाचा नाकात मारायचा फवारा आहे, जीव जाता जाता माणसाला परत आणतो, तो आता तिथं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. घट त्या एकाच फवाऱ्यामुळे झाली असं म्हणू नका, कारणं अनेक आहेत. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे.

दुसरा आकडा २ मिलिग्रॅम. फेंटानिलचा एवढा कण जीव घेऊ शकतो. नुसतं ‘दोन मिलिग्रॅम’ म्हटलं तर सभागृहात कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. भाचीला मी पोह्यांच्या गाडीवर दाखवलं. भैयाने पोह्यांवर चिमटीने जीरावन मसाला भुरभुरवला, प्लेटच्या काठावर चार-पाच कण सांडले. म्हटलं, हे बघ, पूर्ण चिमूट नाही, हे काठावर सांडलेलं. ती जिलबी तशीच हातात धरून बघत राहिली. मग हिशेब तिनेच केला: एका किलोत पाच लाख असे घास. एक किलो शाळेच्या दप्तरात जातो.

तिसरा आकडा व्यापाराचा. अमेरिका आणि मेक्सिकोमध्ये वर्षाला ८०० अब्ज डॉलर्सच्या वर मालाची ने-आण होते, ३,१४५ किलोमीटरची सीमा आणि तिच्यावर रांगा लावून उभे ट्रक. फेंटानिलचा मोठा भाग डोंगरातून, नदीतून येत नाही, तो अधिकृत नाक्यांवरून, गाडीच्या दारात, डॅशबोर्डमागे लपून येतो. आणणाऱ्यांत पकडले जाणारे बहुतेक जण अमेरिकन नागरिकच असतात, कारण त्यांना नाक्यावर कमी विचारतात. हे विपक्षाचं सगळ्यात धारदार वाक्य आहे. ते तिसऱ्या मिनिटाला टाका, सुरुवातीला वाया घालवू नका.

पक्षात चिठ्ठी निघाली तर

आमच्याकडे बाजू चिठ्ठीने ठरते, पंधरा मिनिटं आधी. त्यामुळे दोन्ही तयार हव्यात. माझं स्वतःचं मत विपक्षाकडे झुकतं, ते लपवत नाही. पण पक्षाची बाजू कमकुवत समजून तयारी न केलेली पोरं मी दर वर्षी रडताना बघते.

पक्षाचा खरा मुद्दा राग हा नाही. खरा मुद्दा असा की मेक्सिकोचं सरकार आपल्याच जमिनीच्या काही भागावर सरकार राहिलेलं नाही. याला उदाहरणं भरभक्कम आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी किकी कामारेना याला ग्वादालाहारात भर दिवसा उचललं आणि हाल हाल करून मारलं. १ मे २०१५ला हालिस्कोच्या टोळीने लष्कराचं हेलिकॉप्टर पाडलं. १७ ऑक्टोबर २०१९ला कुलियाकान शहरात जवानांनी सिनालोआचा म्होरक्या एल चापो याचा मुलगा ओविदिओ याला पकडलं, टोळीने सगळं शहर पेटवलं, आणि सरकारने त्याला काही तासांत सोडून दिलं. सरकारने! हे सांगताना आवाज चढवू नका, घटनाच पुरेशी आहे. आणि हेनारो गार्सिया लूना. राष्ट्राध्यक्ष कालदेरॉन यांच्या काळात देशाचा सुरक्षामंत्री, कार्टेलविरोधी लढाईचा चेहरा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने ठरवलं की तोच सिनालोआवाल्यांकडून लाच घेत होता. पुढच्या वर्षी ३८ वर्षांवर शिक्षा झाली. पक्षवाल्याने इथं थांबून विचारावं: ज्याच्याशी सहकार्य करायचं, तोच विकला गेला असेल तर?

कायद्याच्या भाषेत या मुद्द्याला ‘इच्छा नाही किंवा ताकद नाही’ म्हणतात. ज्या देशाच्या भूमीवरून हल्ला होतो त्याला तो रोखायची इच्छा नसेल किंवा ताकद नसेल, तर बळी देशाला स्वतः पाऊल उचलता येतं, असा हा युक्तिवाद. सगळे देश तो मानत नाहीत. मेक्सिको तर मुळीच नाही.

इथं प्रत्येक मुलगा २०१६चा सर्जिकल स्ट्राइक, २०१९चं बालाकोट आणि ७ मे २०२५चं ऑपरेशन सिंदूर आणतो. टाळ्या पडतात. परीक्षक टाळ्यांना गुण देत नाहीत. ही उदाहरणं आणायची असतील तर फरक स्वतःच सांगा, समोरच्याने सांगायच्या आत. उरी, पुलवामा, पहलगाममध्ये बंदुकांनी आणि स्फोटकांनी माणसं मारली गेली होती. फेंटानिलच्या बाबतीत विकणारा विकतो, घेणारा पैसे मोजून घेतो. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या स्वसंरक्षणाच्या ५१व्या कलमातला ‘सशस्त्र हल्ला’ म्हणता येईल का, सगळी गोम इथंच आहे. पक्षवाल्याला यावर उत्तर शोधावं लागेल: घेणाऱ्याला बऱ्याचदा माहीतच नसतं, तो झोपेची किंवा दुखण्याची गोळी समजून घेतो आणि बनावट गोळीत फेंटानिल निघतं. हे खरं आहे, आणि यातून पक्षाचा मुद्दा बराच सावरतो. म्यानमारचं २०१५चं उदाहरण जास्त जवळचं, पण ते कुणी आणत नाही. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेलमध्ये आपले १८ जवान मारले गेले आणि पाच दिवसांत आपली फौज म्यानमार सीमेवर बंडखोरांच्या तळांवर गेली. शेजारी मित्रच, टोळी मात्र दोघांच्याही ताब्यात न राहणारी.

विपक्षात निघाली तर

विपक्षाचा इतिहास श्रीमंत आहे, एवढा की पोरं त्यात बुडतात. दोनच घ्या.

९ मार्च १९१६. पांचो व्हिया नावाच्या बंडखोराच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर छापा घातला, अमेरिकन नागरिक आणि सैनिक मेले. आठवडाभरात जनरल पर्शिंग फौज घेऊन मेक्सिकोत घुसला, फौज पुढे दहा हजारांपर्यंत गेली. मोटारगाड्या, विमानं, सगळं काही. अकरा महिने धुंडाळलं. व्हिया सापडला नाही. उलट जूनमध्ये कार्रिसालला मेक्सिकोच्या सरकारी फौजेशीच चकमक झाली, म्हणजे ज्या सरकारचा व्हिया शत्रू, त्याच सरकारशी! फेब्रुवारी १९१७ मध्ये फौज परत आली. हे उदाहरण विषयात चपखल बसतं, म्हणून याला पूर्ण मिनिट द्या.

दुसरं, म्होरक्या पडल्यावर काय होतं. डिसेंबर २००६ मध्ये कालदेरॉन यांनी मिचोआकानला सैन्य उतरवलं. तेव्हापासून आजवर मेक्सिकोत सैन्य रस्त्यावरच आहे. म्हणजे ‘फौज वापरून बघू या’ म्हणणाऱ्याला सांगा, वापरून झाली, मेक्सिकोनेच वापरली, जवळजवळ वीस वर्षं. बेपत्ता माणसांच्या सरकारी नोंदी २०२२ मध्ये एक लाखावर गेल्या. म्होरके मारले, टोळ्यांच्या चिरफळ्या झाल्या आणि चिरफळ्या एकमेकींत भिडल्या. सेटास ही सगळ्यात क्रूर टोळी तर मेक्सिकन लष्कराच्या खास दलातून पळालेल्या जवानांनी उभी केली. आणि अगदी ताजं: २५ जुलै २०२४ला सिनालोआचा म्हातारा म्होरक्या एल मायो साम्बादा टेक्सासमध्ये पकडला गेला. त्याचं म्हणणं, एल चापोच्या एका मुलाने त्याला दगा देऊन विमानात घातलं. सप्टेंबरपासून चापोच्या मुलांचा गट आणि मायोचा गट यांच्यात कुलियाकानमध्ये अशी लढाई जुंपली की शाळा बंद पडायच्या. एक माणूस पकडला, गोळीही न झाडता. त्याचा परिणाम हा.

बंदुकांबद्दल एक वाक्य हवंच. टोळ्यांच्या हातातली हत्यारं मोठ्या प्रमाणात अमेरिकेच्या दुकानांतून दक्षिणेला जातात. मेक्सिकोने अमेरिकन बंदूक कंपन्यांवर दावा लावला होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. विपक्षवाल्याने दावा फेटाळल्याचं लपवू नये. लपवलं की उत्तरपक्षात अंगावर येतं.

आणि १८४८. त्या वर्षीच्या तहात मेक्सिकोने जवळजवळ अर्धा देश अमेरिकेला गमावला. आजच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शाइनबाउम ‘समन्वय हवा, अंकित होणार नाही’ असं सतत म्हणतात, त्याच्या मागे ते वर्ष आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आता त्याकडेच येते.

घरचं उदाहरण: पेंढारी

हे उदाहरण माझं लाडकं आहे, आणि इंदुरातल्या मुलांनी ते सोडून पनामा नि कोलंबिया शोधत बसावं याचं मला वाईट वाटतं.

१८१७. माळव्यात पेंढाऱ्यांच्या टोळ्या. खंडणी, लूट, घोड्यावरून येणार आणि दोन दिवसांत कितीतरी कोस पुढे. तळ कुणाच्या मुलखात? शिंद्यांच्या, होळकरांच्या. छापे कुणावर? निजामाच्या, कंपनीच्या मुलखावर. कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणाला, या दरबारांना टोळ्या आवरायची एकतर इच्छा नाही नाहीतर ताकद नाही. वर वाचलेलं वाक्य आठवलं? दोनशे वर्षांपूर्वी तेच. त्याने सव्वा लाखाच्या घरात फौज जमवली. पेंढारी फार तर तीसेक हजार.

पेंढारी संपले का? संपले. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितूला असीरगडाजवळच्या जंगलात वाघाने खाल्लं. अमीरखान टोंकचा नवाब होऊन बसला. पण वाटेत काय झालं ते बघा. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला क्षिप्रेकाठी जी लढाई झाली ती पेंढाऱ्यांशी नव्हती, होळकरांशी होती. आदल्या दिवशी होळकरांचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेने मारलं होतं, गादीवर पोरवयाचे मल्हारराव. सोळा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह. मुलूख गेला, बाहेरच्या दरबारांशी बोलायचा हक्क गेला, आणि दाराशी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा अधिकारी, आला. त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे आज राजवाड्यासमोर उभं राहून आपण जे शहर बघतो, ते ज्या अर्थाने ‘राजधानी’ झालं, तेच एका टोळीविरोधी मोहिमेच्या पोटातून.

हे उदाहरण दोन्ही बाजूंना चालतं, हीच त्याची मजा. पक्षवाला म्हणेल, टोळ्या मोडल्या, रयत सुटकेचा श्वास घेऊ लागली. विपक्षवाला म्हणेल, टोळी मारायला आलेला पाहुणा घरमालक झाला. भाचीने विचारलं, “आत्या, मग खरं कोणतं?” दोन्ही. म्हणून तर वाद आहे.

आणि माझं माहेर

माझं माहेर नीमचचं. तिथं अफू हे पीक आहे, सरकारी पट्ट्यावर, म्हणजे परवान्यावर, घेतलं जाणारं. पांढरी फुलं झडली की हिरवी बोंडं, डोडे, आणि त्यांना चीरा लावायचे दिवस. चीऱ्याच्या आधी देवीची पूजा. दुपारनंतर बोंडाला उभे बारीक चीरे देतात, रात्रभर चीक गळून दाट होतो, सकाळी खरवडून भांड्यात घेतात. हात काळपट चिकट होतात, वास दिवसभर जात नाही. पोपट डोड्यांवर बसून झिंगतात, त्यांना हाकलायला पोरं बसवावी लागतात. मग एप्रिलमध्ये तौल, म्हणजे वजन, आणि सगळा माल सरकारला. गावातच अफूतून अल्कलॉइड, म्हणजे औषधी द्रव्यं, काढणारा सरकारी कारखाना. एवढ्या पहाऱ्यातूनही थोडं पाझरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पाझरलेलं नेतो कोण? सैन्य नाही, मशीनगनवाला नाही. मोटरसायकलवरचा कुणाचा तरी भाचा.

हे स्पर्धेत सांगायचं एवढ्यासाठी की ‘कार्टेल’ म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर वर्दी घातलेलं लष्कर येतं. तसे हत्यारबंद गट आहेतच. पण धंदा हा साखळीचा आहे: रसायन विकणारा, कालवणारा, गोळ्या छापणारा, चालक, नाक्यावरचा, पैसा फिरवणारा. फेंटानिलची कच्ची रसायनं मुख्यतः चीनमधून येतात, आणि अमेरिकी सरकारी अहवालांत भारताचंही नाव येतं. तेही प्रामाणिकपणे सांगावं. मग क्षेपणास्त्र साखळीच्या कुठल्या कडीवर टाकणार?

अफूचं शेत निदान वरून दिसतं. फेंटानिलला शेत लागत नाही, खोली लागते. शेत असूनही काय झालं, तर कोलंबियाकडे बघा. २०००पासून अमेरिकेने तिथं अब्जावधी डॉलर्स ओतले, विमानांतून कोकाच्या पिकावर, ज्यापासून कोकेन होतं त्यावर, विषारी फवारणी केली. गनिमी फौजा खिळखिळ्या झाल्या, शहरं सुरक्षित झाली. हा पक्षाचा मुद्दा, तो मान्य करा. आणि २०२३ मध्ये कोकाची लागवड २ लाख ५३ हजार हेक्टर, तोवरचा उच्चांक.

(माळव्याच्या अफूवरून एक आठवलं. एकोणिसाव्या शतकात इथलीच अफू पेट्या भरून मुंबईमार्गे चीनला जायची, कंपनी तिच्यावर पास-शुल्क घ्यायची, आणि चीनने ती अडवली म्हणून इंग्रज लढले. त्या वेळी अफू विकणाऱ्याच्या बाजूनेच आरमार होतं. वेळ उरला तर हे वापरा, नाहीतर नको. विषयापासून जरा दूर जातं.)

उत्तरपक्ष आणि बाकी किरकोळ

उत्तरपक्षाला दीड मिनिट असतं. मी म्हणेन एकच प्रश्न घेऊन जा: हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय? प्रयोगशाळा पेटली, दहा माणसं मेली, त्यांत एक स्वयंपाकीण होती असं समजा. मेक्सिकोचे पोलीस आता माहिती देतील का? २०२० मध्ये अमेरिकेने त्यांचे माजी संरक्षणमंत्री जनरल सिएनफ्वेगोस यांना लॉस एंजेलिसला अटक केली, तेव्हा बॉम्बही पडला नव्हता. तरी मेक्सिकोने दोन महिन्यांत कायदा करून परदेशी एजंटांच्या मुसक्या बांधल्या. उलट २०२५ मध्ये एकही सैनिक सीमेपार न जाता मेक्सिकोने २७ फेब्रुवारीला एका दिवसात २९ म्होरके अमेरिकेच्या हवाली केले. त्यात कामारेनाच्या खुनातला राफाएल कारो किंतेरोही होता. पक्षवाला यावर म्हणेल, ‘ते फौजेच्या धमकीमुळेच दिले!’ हे उत्तर चांगलं आहे. त्याची तयारी ठेवा.

उच्चार. स्पॅनिशमध्ये ‘ज’ दिसला की बहुतेकदा ‘ह’ म्हणा: हालिस्को, हुआरेस. ‘जलिस्को’ ऐकलं की आमचे एक परीक्षक चष्मा काढून पुसायला लागतात. वेब सिरीजचे संवाद नकोत. ‘नशा ही समाजाला लागलेली कीड आहे’ हे वाक्य सोळा वर्षांत मी किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही, पण त्या वाक्यावर कुणी जिंकलेलं आठवत नाही. कागद वाचू नका, पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त सनावळ्या आणि नावं. पाणी आधी प्या, मधे नको.

वेळेबद्दल माझी एक कबुली. त्या गणपतीत मी मोबाइलवर वेळ लावली होती, आणि बरोबर तिसऱ्या मिनिटाला भावाचा फोन आला. पडदा बदलला, मी गोंधळले, आणि एका मुलाला चाळीसेक सेकंद जास्त मिळाले. त्याच्यानंतरच्या मुलीच्या आईने रीतसर तक्रार केली आणि ती बरोबर होती. आम्ही त्याचे वेळेचे गुण कापले, चूक माझी असून. त्या चाळीस सेकंदांत तो पोरगा काय बोलला? काहीच नवं नाही, पहिल्या मिनिटातलंच पुन्हा. आता मी नवऱ्याचं जुनं स्टॉपवॉच वापरते.

भाचीला सांगितलंय, शेवटचं वाक्य साडेचार मिनिटांना सुरू कर. आणि दोन टोले पडले की वाक्य अर्धं असलं तरी खाली बस. काल गच्चीवर तिने विपक्ष घेतला, पर्शिंग, पेंढारी, नीमच, सगळं झालं, मी वाटीवर चमच्याने दोनदा टोला दिला आणि ती म्हणाली, “थांब ना आत्या, शाइनबाउम राहिली.” राहू दे म्हटलं, उद्या पक्षाची बाजू घ्यायची आहे.